खुटबावची जपानी गाडी

निवृत्त माणसाला एखादा छंद असावा, असे सगळेच सांगतात. पण तो कोणता असावा याबद्दल घरादाराची मते फार ठाम असतात. पहाटे उठून फिरायला जाणे, हरिपाठ म्हणणे, परसात चार वांगी लावणे, झालेच तर पारावर बसून देशाचा राज्यकारभार चालविणे, हे मान्यताप्राप्त छंद. पण साठी उलटलेल्या शाळामास्तराने डोळ्याला भिंग लावून वीतभरसुद्धा लांबी नसलेले आगगाडीचे डबे चिकटवीत बसावे, आणि तेही जपानी आगगाडीचे, हे कोणत्याच यादीत बसत नाही. आमच्या घरातून तर पहिल्याच दिवशी निकाल लागला, "अहो, हे नातवंडांनी खेळायचं. तुमचं का वय आहे आता?"

सवाल बिनतोड होता. अडचण एवढीच, की नात जपानात आहे आणि तिचा खेळ तेवढा खुटबावात येऊन पडला आहे.

खुटबाव म्हणजे पुणे–दौंड लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. एका अंगाला यवत, दुसऱ्या अंगाला केडगाव. मोठ्या गाड्या इथे थांबण्याचे मनातही आणीत नाहीत. कर्णा वाजवून, धुरळा उडवून निघून जातात. थांबते ती आपली पॅसेंजर. माझे वडील याच मार्गावर गँगमन होते. दोन रुळांतले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, हे त्यांना देवाच्या नावासारखे पाठ होते. ते अंतर मोजण्याची लोखंडी पट्टी ते अशा मानाने हाताळीत, की आम्हां पोरांना तिला हात लावण्याची छाती होत नसे. वडिलांनी जन्मभर १६७६ मिलिमीटर सांभाळले. मी म्हातारपणी नऊ मिलिमीटर सांभाळतो आहे. घराण्याचा धंदा असा दीडशेपटीहून अधिक आकसला, एवढे मात्र खरे.

हे नऊ मिलिमीटर आले कुठून, ते सांगतो. चिरंजीव नोकरीनिमित्त सहकुटुंब जपानात राहतात. दर रविवारी फोनवर तोंडे दिसतात. नात समोर येते. "आजोबा, जेवलात?" "जेवलो गं. तू?" "हो." संपले! पुढचे मराठी तिच्यापाशी नाही आणि जपानी माझ्यापाशी नाही. मग दोघेही एकमेकांकडे बघून हसतो आणि फोन आजीकडे जातो. दोन वर्षांपूर्वी मंडळी इकडे आली, तेव्हा चिरंजीवांच्या पेटीत एक पुठ्ठ्याचा खोका होता. जुन्या वस्तूंच्या दुकानात, मोडक्यातोडक्या सामानाच्या ढिगात हजार येनच्या आत, म्हणजे आपल्या पाचसहाशे रुपयांना मिळालेला. आत प्लॅस्टिकच्या राखी रंगाच्या चौकटीत डब्याच्या भिंती, टप, तोंडे असे भाग पापडासारखे सपाट पडलेले. नात म्हणाली, "आजोबा, हा किहा. तुम्ही रंग द्या." मुलांना चित्रकला शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला हा हुकूम मोडवेना.

'किहा' हे काही कुणाचे लाडाचे नाव नव्हे. जपानी लोक डब्यांना अक्षरांनी ओळखतात. डिझेलवर स्वतःच धावणाऱ्या डब्याला 'कि'. आपल्याकडे अ, ब, क, तसे त्यांच्या जुन्या वर्णमालेत 'इ, रो, हा'. म्हणून पहिल्या वर्गाला इ, दुसऱ्याला रो आणि तिसऱ्याला हा. तेव्हा किहा म्हणजे तिसऱ्या वर्गाचा डिझेल डबा! जपानात तिसरा वर्ग हे नाव १९६० मध्ये गेले, आपल्याकडे १९७४ मध्ये गेले. त्यांचे 'हा' मात्र साध्या डब्याच्या कपाळावर अजून आहे. हे कळले आणि मला तो डबा एकदम आपला वाटू लागला. गँगमनच्या पोराची सोयरीक तिसऱ्या वर्गाशीच जुळायची.

या खेळण्यातल्या गाड्यांचे जपानशी नाते मोठे मजेचे आहे. आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली. जपानात पहिला लोहमार्ग सुरू झाला तो १८७२ मध्ये. म्हणजे याबाबतीत आपण एकोणीस वर्षांनी वडील. पण खऱ्या गाडीच्या आधी जपानात खेळण्यातली गाडी आली. १८५४ मध्ये अमेरिकेचा नौदल-अधिकारी पेरी याने योकोहामाला भेटीदाखल वाफेचे एक छोटे इंजिन आणि डबा नेला, आणि वाटोळे रूळ मांडून तो चालवून दाखविला. डबा इतका लहान, की आत माणूस मावेना. तेव्हा एक जपानी सरदार खुशाल टपावर चढून बसला आणि झग्याचा घोळ वाऱ्यावर उडवीत गरगर फिरला. पुढच्याच वर्षी सागा नावाच्या संस्थानात तानाका हिसाशिगे या कारागिराने आणि त्याच्या सोबत्यांनी स्वतःच्या हातांनी वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती बनविली. याच तानाकाचा कारखाना पुढे तोशिबा या विख्यात कंपनीचे एक मूळ ठरला. म्हणून आमच्या घरातून 'खेळणं' असा शब्द कानांवर आला, की मी तानाकाचे स्मरण करतो आणि कामाला लागतो.

नऊ मिलिमीटरच्या रुळांवरच्या जपानी गाड्यांचा आरंभ १९६५ मध्ये झाला. या मापात एक गोड लबाडी आहे. जपानच्या बहुतेक मार्गांवर रुळांतले अंतर १०६७ मिलिमीटर, आणि नमुना दीडशेपट लहान. मग खेळण्याचे रूळ सात मिलिमीटरांहून किंचित रुंद असायला हवेत. पण जगभर नऊची चाल पडली, म्हणून तेही नऊच ठेवतात. त्यांच्या त्या वाऱ्यासारख्या धावणाऱ्या शिंकानसेनचा मार्ग १४३५ मिलिमीटर रुंद. म्हणून तिचा नमुना एकशेसाठपट लहान करतात, तेव्हा हिशेब जवळजवळ बिनचूक जमतो. थोडक्यात, श्रीमंत गाडीचे माप बरोबर आणि गरीब गाडीला दुसऱ्याचा जोडा! खुटबावची पॅसेंजर दीडशेपट लहान केली, तर तिला अकरा मिलिमीटरांहून थोडे अधिक लागतील. असे नमुने बघायचे, तर पुण्याला कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांना खुले आहे. तिथे घाट, बोगदे, सिग्नल सगळे आपोआप चालते. माझ्या डब्याला यंत्रच नाही. ते वेगळे घ्यावे लागते आणि त्याची किंमत डब्याच्या कितीतरी पट. आमची गाडी बोटाने चालते. वीज गेली तरी तिचा खोळंबा होत नाही.

आता रंगाकडे येतो. आधी सगळे भाग साबणाच्या पाण्याने धुवायचे. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग एकेक भाग चौकटीतून कापायचा, कापल्याची गाठ बारीक कानशीने घासायची, गुण्या लावून भिंती काटकोनात उभ्या करायच्या आणि सांध्यावर डिंकाचा थेंब सोडायचा. हा डिंक नुसता चिकटत नाही. दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिक किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो. मग राखी अस्तर, आणि ते वाळले की रंग.

रंग किती पातळ करावा, याचे उत्तर पुस्तकात 'दुधाइतका' असे असते. पण म्हशीच्या की गाईच्या, ते पुस्तक सांगत नाही. माझा गुरू दुसराच आहे. आमच्या भागात उसाची गुऱ्हाळे आहेत. काहिलीत रस उकळत असतो आणि गुळव्या नुसता पाहत उभा असतो. मध्येच पाकाचा एक थेंब पाण्यात सोडतो, दोन बोटांत दाबतो आणि म्हणतो, "उतरवा." ना घड्याळ, ना तापमापक. रंगाचेही तसेच आहे. कुंचल्यावरून थेंब कसा ओघळतो ते पाहायचे. आणि एकच जाड हात न देता चार पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू देऊन. पावसाळ्यात हवा दमट, रंगावर पांढुरकी झाक येते. उन्हाळ्यात धूळ. गुऱ्हाळ पेटले, की चुलवाणाची काजळी. राहता राहिले दसरा ते दिवाळी एवढे दिवस. वर्षाचे सगळे मुहूर्त आपल्या पूर्वजांनी काही उगीच या दिवसांत आणून ठेवलेले नाहीत!

किहा ४० हा डबा १९७७ पासून बनू लागला, आणि त्याला नखशिखान्त एकच शेंदरी-तांबडा रंग. आधीच्या डब्यांना दोन दोन रंग असत. रेल्वेची तिजोरी आटली, तेव्हा खर्च वाचवायला एका रंगावर भागविले. जपानी लोक त्या रंगाला माशाच्या गाभोळीचा रंग म्हणतात. आमच्या घरातून मात्र त्याला मारुतीचा रंग म्हणतात, आणि खुटबावात तेच नाव शोभते.

हा डबा तयार झाल्याचे फोनवर दाखविले त्या दिवशी नात दोन मिनिटांत पळाली नाही. तिने मला शोधून शोधून शब्द जुळवीत त्याची गोष्ट सांगितली. अडेल तिथे चिरंजीव आधार देत होते. जपानच्या उत्तरेला होक्काइदो बेटावर युबारी नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणींचे. १९६० च्या सुमाराला तिथे लाखावर वस्ती होती. खाणी एकेक करून मिटल्या, तरुण माणसे पोटामागे शहरांना गेली. आज तिथे दहा हजारदेखील माणसे नाहीत. सोळा किलोमीटरचा एक फाटा त्या गावाला जात असे आणि त्यावर असलाच किहा ४० धावे. ३१ मार्च २०१९ रोजी तो शेवटचा धावला. निरोपाला लोकांची रीघ लागली होती, म्हणे. जे एरवी बसायला येत नव्हते, ते त्या दिवशी हात हलवायला आले.

गोष्ट संपली आणि पोरीने विचारले, "आजोबा, खुटबावचं स्टेशन बंद होणार?"

मी उत्तर देण्याआधी फोनच्या पलीकडे चिरंजीव गप्प झाले आणि अलीकडे आमच्या घरातून हातातली पळी थांबली. कारण त्याच आठवड्यात चिरंजीवांनी कळविले होते, की तिकडे घर घेण्याचे ठरले आहे, कर्जही मंजूर झाले आहे. "तुम्ही दोघं इकडेच या ना," असेही मोठ्या मायेने म्हटले होते. खुटबावच्या घराचे काय, हे त्यांनी विचारले नव्हते आणि आम्हीही काढले नव्हते. ते त्या पोरीने एका वाक्यात काढले.

"नाही गं," मी म्हणालो, "पुणं जवळ आहे. रोज कितीतरी माणसं चढतात-उतरतात."

"मी येईपर्यंत आहे?"

"आहे."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग पाटी मी लिहिणार."

डब्याच्या तोंडावर तो कुठे जाणार हे सांगणारी पाटी असते. दीडशेपट लहान केली, की ती तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती मी कोरीच ठेवली होती. पुढचे तीन रविवार फोनवर अक्षरओळख चालली. माझ्या उभ्या नोकरीत इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. 'ख' तिला फार छळी, त्याचे 'र' आणि 'व' असे दोन तुकडे पडत, मग मी म्हणे, "डबे जोडून घे." चौथ्या रविवारी तिने मोठ्या कागदावर लिहिले, "खुटबाव". उकार थोडा रुळांवरून घसरलेला, पण नाव स्वच्छ वाचता येत होते. चिरंजीवांनी तो कागद यंत्रावर लहान करून छापला आणि पाकिटातून पाठविला. भिंगाखाली चिमट्याने ती पाटी लावताना माझा श्वास अडकला होता. आमच्या घरातून न बोलता शेजारी दिवा धरून उभे राहणे झाले. कर्ज मंजूर झाले ते झालेच. पण तिकडच्या घरात वाढणाऱ्या एका पोरीला देवनागरीतले पहिले नाव लिहिता आले, ते आमच्या गावाचे.

यंदा अंगणात शेजारच्या मुलांनी मातीचा किल्ला केला आहे. अळीव हिरवेगार उगवले आहेत, वर शिवाजी महाराज बसले आहेत, मावळे पहारा देत आहेत, आणि पायथ्याशी नऊ मिलिमीटरच्या रुळांवर मारुतीच्या रंगाचा जपानी डबा खुटबावला निघाला आहे. रायगडाखाली आगगाडी कशी, असे एकाने विचारले. दुसऱ्याने त्याला परस्परच गप्प केले, "महाराजांना माहीत असती, तर त्यांनीपण आणली असती!" मला यावर बोलायला काही उरले नाही.

अलीकडे मी एक नवे व्रत घेतले आहे. आठवड्यातून दोनदा स्टेशनवर जातो, रीतसर तिकीट काढतो आणि पॅसेंजरने केडगावला जाऊन येतो. आमच्या घरातून विचारणा होते, "अहो, केडगावला असं काय ठेवलंय? आणि जायचंच तर दारावरून जीप जाते की."

मी म्हणतो, "भाजी आणतो." भाजी आणतोही. तिकिटे मात्र टाकीत नाही. त्या खोक्यातच जमवून ठेवतो. पुढल्या दिवाळीला पोरगी आली, की तिला मोजायला देणार आहे.