घारापुरीची लाँच

घारापुरीला निघालेल्या माणसाची पहिली कसोटी लेण्यांत नव्हे, गेटवेच्या पायऱ्यांवर लागते. ओहोटी होती, पायऱ्यांवर शेवाळ आणि आमची लाँच रांगेत तिसरी! म्हणजे आधीच्या दोन लाँचींवरून उड्या मारत जायचे. सौभाग्यवतींनी एका हाताने निऱ्या आवरल्या, दुसऱ्याने मला धरले. मी कोणाला धरले ते सांगत नाही.

प्रवास तासाभराचा. 2024 च्या डिसेंबरात याच वाटेवर नौदलाच्या बोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली होती. त्यामुळे जाकीट चढवताना मी मुळीच कुरकुर केली नाही. मात्र बाकांना गाद्या हव्यात, चहा हवा, अशी तक्रारींची यादी मनात चालू होती.

शेजारी शेतबंदरच्या आजी तांदळाचे पोते घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "2018 साली समुद्राखालून वीज आली आमच्याकडे. पण गुडघे गेलेल्या माणसानं बोटीत चढायचं कसं?"

माझी यादी तिथेच संपली. आम्ही वर्षातून एकदा जाणार. त्यांचा बाजार, दवाखाना, सारे याच वाटेने. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का मिळाला, तर गाद्या खुशाल राहू देत!

बेटावर खलाशाने आधी पोते उतरवले, मग आजींना. त्यांनी पदर खोचला आणि माझ्यापुढे हात केला.

"या, धरा!"