पाइप गोल, हिशेबही गोल?

वीकेंड म्हणजे मॉल नाहीतर मल्टिप्लेक्स. मागच्या शनिवारी मी मात्र माहीम स्टेशनला पूर्वेकडे उतरले, तेही हातात दीड फुटाचा जुना पीव्हीसी पाइप घेऊन! आईबाबांच्या डोंबिवलीच्या फ्लॅटचं रिनोव्हेशन चाललंय. प्लंबर म्हणाला, "ताई, भंगारात जाऊ दे, याचेच परत पाइप होतात." बाबा खूश. मग आपणही तसलेच स्वस्तातले घेऊ! पण पाणी प्यायचं असतं हो, बाबा.

धारावीचं तेरा कंपाउंड. पत्र्यांवर गोण्यांचे ढीग, खाली ग्राइंडरची घरघर, घशात बसणारा वितळत्या प्लास्टिकचा वास. एका गाळ्यातल्या चाचांनी माझा पाइप पाण्याच्या पिंपात टाकला. बुडाला. "पीव्हीसी." बादल्या, डबे यांचं प्लास्टिक तरंगतं, हे बुडतं. लॅब वगैरे काही नाही. दोन मिनिटांत पाइपचा चुरा.

"याचं काय होणार?"

"वायरिंगचा पाइप. पिण्याच्या पाण्याला नका लावू, बेटा."

आता थोडं गणित (पळू नका!). वस्तू किती 'सर्क्युलर' आहे हे मोजायला एलन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१५ साली एक निर्देशांक काढला, मार्क ० ते १. सगळा माल नवा, शेवट कचऱ्यात आणि आयुष्य सरासरी, तर ०.१. शेवट तोच, पण अर्धा माल जुना वापरला, तर ०.३३ च्या आसपास. आणि गंमत बघा, पूर्ण नव्या मालाचाच पाइप दुप्पट वर्षं टिकला, तर ०.५५! म्हणजे भिंतीत निमूट पडून राहणं हेही मोठंच काम.

पण या मार्कांत विष मोजलेलं नसतं. आपल्याकडे पीव्हीसी टिकावं म्हणून त्यात शिसं सर्रास घालायचे. केंद्र सरकारने त्याविरुद्ध नियम आणले ते २०२१ साली. आमचे पाइप त्याआधीचे. त्यांचा चुरा नव्या पाइपात गेला, तर शिसंही सोबत जाणार. चाचांना नियम माहीत नव्हता, धोका मात्र बरोबर माहीत होता. त्यांच्या तोंडावर साधा रुमाल होता आणि हात तसेच उघडे. पुनर्विकासानंतर हा गाळा कुठे जाणार, या प्रश्नावर ते फक्त हसले.

परतताना लोकलमधून बाबांना फोन लावला. शिसं नसलेलेच घ्यायचे, महाग पडले तरी.

"बरं," बाबा म्हणाले, "पण किती वर्षं टिकतील ते विचारलंस का?"