तसबीर कोणाची?

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या नांवानें स्त्री-छायाचित्रकारांसाठीं एक स्पर्धा भरत असते. तींत देशाचें बंधन नाहीं. कॅमेरॉनबाई १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मल्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं लेकीनें भेट दिलेला कॅमेरा त्यांच्या हातीं आला. टेनिसन, डार्विन यांच्या तसबिरी त्यांनीं काढल्या, आणि घरची मोलकरीण मेरी हिलियर हिलाही येशूच्या मातेच्या वेषांत बसविलें. त्या काळीं ओल्या कांचेवर चित्र उमटण्यास मिनिटेंच्या मिनिटें लागत. तोंवर समोरच्यानें निश्चल राहावयाचें.

आमच्या पुतणीनें या स्पर्धेस चित्र पाठविण्याचें मनांत घेतलें. खामगांवाकडील आमच्या शेतांत कपाशीची वेचणी चालली होती. कमरेस ओटी बांधलेल्या एका वृद्ध मजूर बाईचें चित्र तिनें घेतलें: पदर ढळलेला, केंसांत कापसाचे तंतू, नजर दूर कोठें तरी. आम्हां सर्वांस तें फार आवडलें. बाईंस मात्र तें पाहून राग आला. "ताई, हा कायचा फोटू? मी मेल्यावर पोरायनं भिंतीवर हाच लावाव का? चांगलं लुगडं नेसून येतो, मंग काढा."

दुसऱ्या दिवशीं त्या आल्या. कपाळीं ठसठशीत कुंकू, हात गुडघ्यांवर, नजर सरळ. पंचांच्या डोळ्यांत भरावें असें त्या चित्रांत कांहीं नव्हतें.

हा केवळ नटण्याचा हौसा म्हणावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमच्या वऱ्हाडांत घरोघरीं गजानन महाराजांची तसबीर असते आणि शेजारीं घरच्या वडीलधाऱ्यांची. माणूस गेल्यावर घरांतील त्याची जागा ती तसबीर राखते. जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यांत. पण त्यांचा चेहरा आम्हांस चित्रकारांच्या कल्पनेनेंच दाखविला. तो काळच कॅमेऱ्याचा नव्हता. परंतु आमच्या आजीच्या काळीं कॅमेरा होता. आजोबा पगडी घालून भिंतीवर आहेत, आजी नाहीं. ती कशी दिसे हें आम्ही आठवणीनें सांगतों. आमच्यामागें तेंही कोणी सांगणार नाहीं.

बाह्य रूपाबरोबर माणसाच्या अंतरींचें मोठेपणही टिपावें, हा कॅमेरॉनबाईंचा ध्यास होता. तें मोठेपण कोणत्या क्षणीं प्रकट होतें, हें ठरविण्याचा कांहीं अधिकार समोर बसलेल्यासही असावा, एवढेंच आमचें म्हणणें.

पुतणीनें शेवटीं बाईंसच विचारलें. त्यांनीं पहिलें चित्र पाठविण्यास संमति दिली. अट एकच, आधीं दुसरें त्यांच्या घरीं लागावें. तें कांच व चौकट करून लागलें, मग पहिलें स्पर्धेस गेलें. निकाल लागावयाचा तो लागो. बाईंच्या नातवंडांस मात्र आजी कशी दिसत होती, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.