तिथीचे अतिथी

मुलुंडच्या रहिवाशास दोन दारे आहेत. पुढचे दार पश्चिमेस, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे उघडणारे; मागचे पूर्वेस, मिठागरांवरून ठाण्याच्या खाडीकडे. पाहुणा आला की त्यास डोंगर दाखवावयाचा, तेथील बिबट्याच्या गोष्टी सांगावयाच्या, आणि खाडीचा विषय निघालाच तर नाकास रुमाल लावावयाचा, असा आमचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता.

रोहित पक्ष्यांची, म्हणजे लोक ज्यांस फ्लेमिंगो म्हणतात त्यांची, कीर्ती ऐकून गेल्या माघात आम्ही भांडुपच्या पंपिंग स्टेशनाकडून तिवरांत शिरणारी वाट धरली. द्वादशी होती. साडेआठास काठावर पोहोचलो, तो समोर नुसते पाणी! दुर्बीण डोळ्यांवरून उतरेना आणि पक्षी काही दिसेना. होडीपाशी बसलेल्या एका वृद्ध कोळ्याने आमची ही तपश्चर्या काही वेळ पाहिली आणि घरी पंचांग नाही काय, असे विचारले. तिथीची पाऊणपट करावी, सुमारे तितक्या वाजता भरती, द्वादशीस नऊ. चिखल पाण्याखाली असता पाखरे जेवणार कोठे? आमच्या पदवीचा इतका सौम्य पराभव पूर्वी कोणी केला नव्हता.

पुढच्या पंचमीस गेलो. पहाटे पावणेचारची भरती ओसरून गेली होती. चिखलावर निवटे उड्या मारीत होते, तिवरांची श्वासमुळे बोटांसारखी वर आली होती, शेकाटे लांब तांबड्या पायांनी पावले मोजीत होते. आणि पलीकडे, जिला आम्ही प्रथम उन्हाची झाक समजलो, ती गुलाबी रेघ चालू लागली! माना खाली, चोची उलट्या. पाणी चोचीत घ्यावे, जिभेने बाहेर लोटावे आणि गाळून उरलेले सूक्ष्म शेवाळ गिळावे, असे हे भोजन. पिसांचा रंगही त्या अन्नातूनच येतो. हे शेवाळ येथे इतके माजते त्याचे एक कारण शहराचे सांडपाणी होय, असे अभ्यासक म्हणतात. ते आठवले आणि आमचा रुमाल खिशातच राहिला. ज्या घाणीस आम्ही नाक मुरडीत होतो ती आमच्याच मोरीतून निघाली होती. म्हणून सांडपाणी पुण्यप्रद ठरत नाही. आज जे शेवाळ पोसते तेच उद्या खाडीचा श्वास कोंडील.

खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग २०१५ साली अभयारण्य झाला. २०२२ साली रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे नाव गेले. परंतु आकाशास कुंपण घालता येत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका उतरत्या विमानाशी थव्याची टक्कर झाली आणि सुमारे ४० पक्षी वस्तीत मरून पडले. ज्यांस पाहावयास आम्ही दुर्बिणी घेऊन गेलो होतो, ते असे लोकांच्या दारात आले.

ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही शाळेत घोकली होती. हे पाहुणे मात्र तिथीनेच पानावर बसतात. चुकतो तो यजमान. आता आमच्या घरी दुर्बिणीशेजारी पंचांग टांगलेले असते, आणि कोणी पाहुणा आला की आम्ही प्रथम मागचे दार उघडतो.