भाट्याच्या पुळणीवरील शीतप्रभा

उत्तर ध्रुवाकडील आकाशात हिवाळ्याच्या दीर्घ रात्री जी हिरवी प्रभा पसरते, ती एकदा तरी दाखवावी, असा आमच्या घरच्या मुलांचा हट्ट होता; परंतु नॉर्वेचा मुलूख आमच्या ऐपतीपलीकडचा, सबब समुद्रातील निळा उजेड तरी त्यांस दाखवावा म्हणून मार्गशीर्षातील अमावास्येचा सुमार साधून आम्ही सहकुटुंब कोकण रेल्वेने रत्नागिरी गाठली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा सरला, जांभ्या दगडाची तांबूस भूमी दिसू लागली, आणि मुलांची कुरबुर आपोआप थांबली.

हा बेत केवळ काटकसरीपोटी केलेला नव्हता. ऋग्वेदातील उषासूक्तांच्या आधारे आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे, असा सिद्धांत ज्यांनी १९०३ साली ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात मांडला, ते लोकमान्य टिळक १८५६ साली याच नगरीत जन्मले. तो सिद्धांत आज विद्वान मानीत नाहीत, हे खरे. तथापि ज्या प्रदेशात स्वतः पाऊल टाकले नाही, तेथील अनेक दिवस रेंगाळणाऱ्या उषेचा माग केवळ ऋचांच्या साक्षीने काढू पाहणाऱ्या त्या प्रज्ञेपुढे, टिळक आळीतील त्यांच्या जन्मघरात उभे असताना, माझे मस्तक नम्र झाले.

रात्री काजळी नदीची खाडी ओलांडून आम्ही भाट्याच्या पुळणीवर गेलो. प्रथम काहीच दिसेना. सुरूच्या बनालगत बसलेल्या एका वृद्ध खारव्याने “दादा, बत्ती मालवा आणि जरा दम धरा,” असे सांगितले, आणि डोळे काळोखास सरावताच फुटणाऱ्या लाटेच्या माथ्यावरून निळ्या उजेडाची एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेली. धाकटी ओल्या वाळूवर पाय आपटी, तेथे तेथे ठिणग्या उमटत. तिच्या आजीने ओंजळीत पाणी घेऊन हलवले आणि त्या वृद्ध बोटांमधून प्रकाश ओघळला, तेव्हा कोणासही बोलावेसे वाटले नाही. काळोख्या रात्री पाण्याखालून मासळीचा थवा गेला की अशाच उजेडावरून तो ओळखतात, असे त्या खारव्याने मुलांस समजावून सांगितले.

ध्रुवीय प्रभेचे कारण सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने ध्रुवांकडे वळवलेले हे कण शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर प्राणवायूच्या अणूंवर आदळतात आणि हिरवा रंग उजळतो. येथील उजेड मात्र सजीवांचा. ‘नॉक्टिल्युका’ नावाचा, जेमतेम मिलिमीटरभर आकाराचा एकपेशीय जीव पाण्याच्या हालचालीने डिवचला गेला की त्याच्या देहातील रासायनिक क्रियेतून, उष्णतेवाचून, हा प्रकाश बाहेर पडतो. ईशान्य वाऱ्यांच्या ऋतूत अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड होऊन ढवळले जाते, खालची पोषकद्रव्ये वर येतात, आणि या जीवांची वाढ होते. ती अतोनात झाली तर मात्र पाण्यातील प्राणवायू घटून मासळीवर संकट ओढवते. म्हणून या सौंदर्याकडे निव्वळ तमाशा म्हणून पाहणे मला मान्य नाही.

हा उजेड हुकमी नव्हे. वाचकांनी जावे ते चंद्र नसलेल्या रात्री, मच्छीमारांस विचारून, आणि किनाऱ्यावर विजेऱ्या विझवून. पुळणीवर प्रखर दिव्यांची रोषणाई करू नये, एवढी विनंती मात्र त्या किनाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्यांस अवश्य आहे.