नववीचे मार्क

चित्रकलेच्या मास्तराकडे पालक सहसा येत नाहीत. गणिताच्या सरांपाशी रांग, इंग्रजीच्या बाईंपाशी त्याहून मोठी. मी आपला रंगाच्या पेल्यांतले पाणी बदलत असतो. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत. वडील तिला अखेरपर्यंत मॅट्रिकच म्हणत. पुढे चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, नोकरी लागली नि रात्री कादंबऱ्या लिहिण्याचे व्यसन जडले. तेव्हा कॉलेजच्या प्रवेशाविषयी मी कुणाला सल्ला देणे हा अव्यापारेषु व्यापारच. पण २०१९ च्या दिवाळीआधी तो मी दिला.

नववीतली एक मुलगी. आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत. त्या वर्षी गणपतीत तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. आई कामावर जाई. वडिलांना भरवण्यापासून कूस बदलून देण्यापर्यंत सारे हिच्याकडे. त्यात इंटरमिजिएटची परीक्षा जवळ आली म्हणून शाळा सुटल्यावर मीही तिला तासभर बसवून घेई. तिची रेघ फार सुरेख होती हो! सहामाहीचा निकाल लागला. गणितात १०० पैकी ३८, आणि बाकीचे विषयही त्याच वाटेने गेलेले.

आई प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडेच आली.

"सर, हिला फर्ग्युसनला जायचंय. आता कसं व्हायचं?"

मी हसलो. "ताई, नववीचे मार्क कोण विचारतो? अकरावीला दहावीचे बघतात. अजून सबंध वर्ष आहे हातात."

यात खोटे काही नव्हते. त्या दिवशी तरी नव्हते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. नववीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. पहिल्या सत्राच्या नि अंतर्गत गुणांवर निकाल लागला. दहावीचे वर्ष पोरीने मोबाइलच्या चार बोटे पडद्यावर, वडिलांच्या खाटेशी बसून, जिद्दीने काढले. आणि २०२१ मध्ये दहावीची परीक्षाही रद्द झाली. मे महिन्याच्या अखेरीस मूल्यमापनाचे सूत्र निघाले: दर विषयाच्या १०० गुणांपैकी ३० वर्षभरातल्या लेखी कामाचे, २० गृहपाठ, तोंडी नि प्रात्यक्षिकाचे, आणि ५० नववीच्या निकालाचे.

शिक्षकखोलीत तो कागद वाचला जात होता. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. ३८ चे निम्मे १९. बाकी ५० पैकी तिने ४६ मिळवले तरी बेरीज ६५. फर्ग्युसनच्या विज्ञान शाखेची यादी नव्वदीच्या वर बंद होते, एवढे चित्रकलेच्या मास्तरालाही ठाऊक असते.

त्या जुलैत शेकडा ९९.९५ मुले उत्तीर्ण झाली. पेढ्यांना तोटा नव्हता.

एक आशा उरली होती. अकरावीसाठी १०० गुणांची प्रवेशपरीक्षा २१ ऑगस्टला ठरली. ती पुन्हा पुस्तके घेऊन बसली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. साथीच्या दिवसांत मुलांना परीक्षेला बसवू नये, शिवाय प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातले. इतर मंडळांच्या मुलांवर तो अन्याय. दोन्ही म्हणणी बरोबरच होती. माझी तर तक्रार करायची पंचाईत झाली.

प्रवेशअर्ज भरायला ती शाळेतच आली. संगणकावर दहा कॉलेजांची नावे पसंतीक्रमाने घालायची. पहिले मिळाले तर तिथे जायलाच हवे. गुण आपोआप येतात, आरक्षण विचारतात. मी उगाच पडदा वर-खाली करून पाहिला. वडिलांची खाट लिहायला कुठे जागा नव्हती.

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिच्या मुलाच्या वेळी कळले, की तिकडे नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुणपत्रक कॉलेजकडे जाते. 'नववी कोण विचारतो' असे तिथे कुणी मास्तर म्हणूच शकत नाही. नामांकित कॉलेजांत तर अकरावीतली घसरणही महागात पडते. शेवटच्या वर्षी फारच पाय घसरला तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात! मात्र त्या अर्जात कारण सांगायला जागा असते, शाळेचा समुपदेशकही पत्र लिहितो. घसरून पुन्हा चढलेला नि चढून घसरलेला, असे दोन विद्यार्थी तिथे वेगळे वाचले जातात म्हणे. तरी प्रवेश मिळतोच असे नाही.

तिला घराजवळच्या कॉलेजात जागा मिळाली. मी मात्र कितीतरी दिवस तिच्या आळीतून जाणे टाळले. ती कधी काही बोलली नाही, हेच अवघड होते.

गेल्या दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली. बरोबर धाकटा भाऊ. वडील आता काठी धरून अंगणापर्यंत येतात, म्हणाली.

"हा यंदा नववीत आहे, सर. सहामाहीला गणितात कमी पडलेत."

भावाने माझ्याकडे मोठ्या आशेने पाहिले. ते जुने वाक्य अगदी जिभेवर आले होते. मी घाईने चकली तोंडात टाकली आणि म्हणालो, "प्रगतिपुस्तक आणलंयस का?"

तिने ते आणलेच होते.