नाशिकची वाईन आणि उसनी थंडी

हल्ली कुठल्याही पार्टीत एक तरी माणूस असा भेटतोच, जो ग्लास गोल गोल फिरवतो, आत नाक खुपसतो आणि जाहीर करतो, "ही कूल क्लायमेट वाईन आहे, म्हणून एवढी क्रिस्प लागते." अशा वेळी आपण मान डोलवायची आणि मसाला शेंगदाणे खात राहायचे, हा माझा इतके दिवसांचा शिरस्ता. पण गेल्या दोन महिन्यांत काही घरगुती कारणाने मला या विषयात जरा खोल शिरावं लागलं. म्हटलं, या वीकेंडला तेच लिहावं.

तर कूल क्लायमेट म्हणजे काय? फ्रान्समधले शॅम्पेन आणि शाब्ली, जर्मनीतलं मोझेल, न्यूझीलंडचं मार्लबरो, असे थंड हवेचे प्रदेश. द्राक्ष पिकतं तेव्हा त्यातली साखर वाढते आणि आम्ल कमी होतं. सफरचंदात असतं ते मॅलिक ॲसिड द्राक्षातही असतं, आणि फळ ते श्वसनात जाळून टाकतं. हवा जितकी गरम, तितकं ते लवकर संपतं. थंड प्रदेशात, विशेषतः गार रात्रींमुळे, ते टिकून राहतं. म्हणून तिथल्या वाईनला ती आंबट-ताजी धार येते. सॉव्हिन्यॉन ब्लाँ नावाच्या द्राक्षाला तर थंड हवेत चक्क सिमला मिरचीसारखा हिरवा वास येतो. (हो, आणि लोक त्यासाठी पैसे देतात :))

हे मोजायचं कसं, तर १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिन आणि विंकलर या दोघांनी एक हिशोब मांडला. दिवसाचं सरासरी तापमान घ्या, त्यातून १० वजा करा (१० अंशांखाली वेल जवळपास वाढतच नाही), आणि मोसमभर बेरीज करत जा. आपल्या भाषेत सांगायचं तर एक साधा फॉर लूप. बेरीज १३९० च्या खाली आली तर सगळ्यात थंड वर्ग. शॅम्पेन आणि मोझेल त्यात बसतात.

आता आपलं नाशिक घ्या. वाईनची नावाजलेली जुनी गावं साधारण ३० ते ५० अक्षांशांमध्ये असतात, नाशिक आहे २० वर. एप्रिल-मे महिन्यात तिथे एकेका दिवसाला वीसच्या आसपास आकडा जमा होईल. त्या हिशोबाने तिथे द्राक्षाचा मुरांबा व्हावा, वाईन नाही. मग सुलापासून शांडोंपर्यंत सगळे दिंडोरी आणि गंगापूर धरणाच्या आसपास काय करतायत?

उत्तर भन्नाट आहे. प्रदेश हलवता येत नाही, म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी कॅलेंडर हलवलं.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात पिकतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यानंतर नव्या काड्या येतात आणि कडक उन्हात डोळ्यांच्या आत पुढच्या घडांची तयारी होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात. तिथून पुढे फुलोरा, मणी, पिकणं हे सगळं हिवाळ्यात, आणि वाईनची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, तीही पहाटेच्या गारव्यात. मोसमाचे १५० दिवस आणि सरासरी २२ अंश धरा: १२ गुणिले १५० म्हणजे १८००. म्हणजे कूल क्लायमेट नव्हेच, मधला वर्ग. पण रात्री खऱ्या गार. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, काही वर्षी तर ५ च्याही खाली जातो. त्या पहाटे मणी तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात. ज्या थंडीसाठी एवढा खटाटोप, तिच्याशीच भांडण!

आता घरगुती कारण. माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. औरंगाबादहून (कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर, पण जिभेला वेळ लागतो) वैजापूर, येवला करत गेलं की विंचूर लागतं. तिथे एमआयडीसीचा वाईन पार्क आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि असे पार्क काढले. सुलाची पहिली वाईन त्याच्या आदल्याच वर्षीची. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, ओरॅकलमध्ये नोकरी केली, ती सोडून नाशिकच्या घरच्या जमिनीवर आले आणि आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं. आमच्या ऑफिसात ज्याला ज्याला राजीनामा द्यावासा वाटतो, तो हीच गोष्ट सांगतो.

मामाने २००६ साली दोन एकर शिराझ लावलं. करार होता, भाव ठरलेला होता. टेबल द्राक्षासारखं मणी मोठा करायला जीएत घड बुडवायची भानगड नाही, विरळणीची मजुरी नाही. उलट वाईनला मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचाच हवा. मामी म्हणायची, "खाता येत नाही असलं कसलं द्राक्ष!" मला तेव्हा ते चोरून खाल्लेलं आठवतंय. गोड होतं, पण तोंडभर बिया.

मग २००८ आलं. जगात मंदी, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला, हॉटेलं रिकामी, वाईनचा खप खाली. कारखान्यांच्या टाक्या आधीच भरलेल्या. पुढच्या हंगामात मामाच्या कंपनीने माल उचलला नाही, आणि आधीच्या मालाचे पैसेही पूर्ण दिले नाहीत. आता गंमत बघा, टेबल द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसऱ्याला देता येतं, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. शिराझ कुणाला देणार? २०१० मध्ये मामाने कुऱ्हाड लावली आणि थॉमसन लावलं. नाशिक जिल्ह्यात तेव्हा अशा अनेक बागा निघाल्या. त्या विषयावर मामा आजही बोलत नाही. विषय निघाला की उठून मोटर बघायला जातो.

आणि आता दादाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, परत वाईन द्राक्ष लावायचंय. त्याचा मला फोन: "तू कंप्युटरवाला ना, एक्सेल करून दे. पप्पांना आकड्यात दाखवायचंय."

दादाची बाजू कच्ची नाही. टेबल द्राक्षाचं काय झालंय ते तो रोज बघतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस, केवड्याने बागा गेल्या. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपीट. निर्यातीच्या मालाला एक डाग चालत नाही, फवारण्यांचा खर्च वेगळाच. वाईनला निदान दिसण्याचे मार्क नाहीत. बाजारही आता २००९ चा राहिलेला नाही: सुला २०२२ च्या डिसेंबरमध्ये शेअर बाजारात गेली, नाशिकच्या वाईनला जीआय मिळालाय, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते.

मी शीट केली. पहिल्या टॅबमध्ये उत्पन्न, दुसऱ्यात खर्च. खुंट लावायचे, मग त्यावर कलम करायचं, पहिलं पीक हातात यायला दोन वर्षं, तोवर नुसता खर्च. इथपर्यंत सोपं होतं. तिसऱ्या टॅबला मी अडलो, कारण तिथे जोखीम लिहायची होती.

एक जोखीम तापमानाची. फ्रान्समधल्या बोन गावात १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा मिळतात, आणि १९८८ नंतर तोडणी आधीच्या शतकांपेक्षा सरासरी १३ दिवस लवकर होतेय. इंग्लंडचा दक्षिण भाग, जिथे पूर्वी कुणी वाईनचा विचार केला नसता, आज चांगली स्पार्कलिंग वाईन करतो. म्हणजे थंड गावं उत्तरेकडे सरकतायत. आपण कॅलेंडर सरकवून आधीच हिवाळ्यात येऊन बसलोय, आता पुढे कुठे सरकणार?

दुसरी जोखीम पाण्याची, आणि ती मला माझ्याच नळात दिसते. गंगापूर धरण गोदावरीवर, आमचं जायकवाडीही गोदावरीवर. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावं, असं सूत्र आहे. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, तेव्हा मामाकडचे सगळे विरोधात आणि आमची सोसायटी बाजूने! ठिबकवरची द्राक्षबाग उसापेक्षा कमी पाणी पिते हे खरं, आणि आमच्या वाळूजचे बिअरचे कारखानेही कोरडे नाहीत हेही खरं. २०१६ च्या दुष्काळात खंडपीठाने त्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. त्यामुळे मी या भांडणात कुणाला शहाणपण शिकवत नाही.

पण तिसरी जोखीम सगळ्यात मोठी, आणि ती हवेत नाही, करारात आहे. माल उचलला नाही तर काय? भरपाई कोण देणार? पैसे किती दिवसांत? मामाच्या जुन्या कराराची पानं मामीने गहू-तांदळाच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. दादाने फोटो पाठवले. त्यात साखर किती ब्रिक्स हवी, आम्ल किती हवं, तोडणी किती वाजता, सगळं शेतकऱ्याला बांधणारं. कंपनीला बांधणारं एक वाक्य मला सापडलं नाही. आम्ही क्लायंटबरोबर दोन महिन्यांचं प्रोजेक्ट करतो तरी पेमेंटच्या अटींवर आठवडाभर खल होतो. इथे पंधरा वर्षं जगणारा वेल लावायचा आणि समोरच्यावर एकही अट नाही!

म्हणून मी दादाला शीटबरोबर एक पान वेगळं पाठवलं. उचल नाकारली तर किमान भाव, पैसे द्यायची मुदत, आगाऊ रक्कम, आणि दोन एकरांऐवजी अर्धा एकर, तेही अशा जातीचं जी दोन-तीन वायनरी घेतात. यातलं कंपनीने काहीच मान्य केलं नाही, तर १८०० काय आणि १३९० काय, लावू नकोस म्हटलं.

दादाने ते पान मामाला वाचून दाखवलं. मामा या वेळी मोटर बघायला उठला नाही म्हणे. पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मुदत किती दिवसांची लिहिलीय?"

तीस लिहिली होती. मामाने पंधरा करायला सांगितलीय.